कोड कंपाइल होतो, तरी ‘फॉरबिडन’ का?

प्रश्न : कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेत) टीमना परवानग्या देणारा छोटा प्रोग्रॅम मी गो भाषेत, क्लायंट-गो ही टाइप्ड (फील्डचे प्रकार कंपायलर तपासतो अशी) लायब्ररी वापरून लिहिला. रोल (परवानग्यांची यादी) आणि रोलबाइंडिंग (तो रोल कुणाला द्यायचा ते) विनातक्रार तयार होतात. तरी सपोर्टच्या मुलांना पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचे गट) दिसतात, पण लॉग उघडताना ‘फॉरबिडन’ येतं. डिप्लॉयमेंटची (किती आणि कोणते पॉड चालवायचे ते सांगणाऱ्या नोंदींची) तर यादीही येत नाही. बाइंडिंगमधला रोल बदलायला गेलो, तर सर्व्हरने अपडेटच नाकारला. टाइप्ड लायब्ररी असून असं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या रोलमध्ये ‘पॉड्स’ आणि ‘डिप्लॉयमेंट्स’ एकाच नियमात, एपीआय ग्रुप (रिसोर्स ज्या गटात मोडतो तो) रिकामा ठेवून लिहिले असणार. गोला त्यात काही वावगं दिसत नाही, कारण व्हर्ब्स (करायच्या क्रिया), रिसोर्सेस (ज्यांवर करायच्या त्या वस्तू), एपीआय ग्रुप्स या सगळ्या नुसत्या स्ट्रिंगच्या याद्या आहेत. ‘गेट’च्या जागी ‘गेट्स’ लिहा, कंपायलर चकार शब्द काढणार नाही. सर्व्हरही असा रोल मुकाट्याने ठेवून घेतो.

लॉग हा पॉडचा सबरिसोर्स, म्हणजे पॉडखालचा वेगळा भाग. त्यामुळे ‘पॉड्स/लॉग’ वेगळं लिहून त्यावर ‘गेट’ द्यावं लागतं. रिकामा ग्रुप पॉडचा; डिप्लॉयमेंट ‘ॲप्स’ ग्रुपमध्ये येतात, त्यांच्यासाठी दुसरा नियम करा. रोलची जुनी उदाहरणं उतरवून घेताना व्ही१बीटा१ ही एपीआयची जुनी आवृत्ती दिसली तर सोडून द्या, 2021 च्या कुबरनेटीस 1.22 मध्ये ती काढून टाकली आहे.

रोलबाइंडिंगमधला रोलरेफ (कोणता रोल ते सांगणारं फील्ड) मुद्दामच बदलता येत नाही. ज्याला फक्त माणसांची यादी सांभाळायची मुभा आहे, त्याला त्याच वाटेने रोल बदलता येऊ नये, हा हेतू. आणि तो मला पूर्ण पटतो. जुनं बाइंडिंग आधी काढलंत, तर नवं होईपर्यंत मुलं बाहेर राहतील. म्हणून वेगळ्या नावाचं नवं बाइंडिंग आधी करा, जुनं मग काढा.

आता खरी गोष्ट : परवानगी सर्व्हरलाच विचारा. त्याच लायब्ररीत ऑथरायझेशन व्ही१ खाली सब्जेक्टॲक्सेसरिव्ह्यू आहे, म्हणजे ‘अमक्याला हे करता येईल का’ असं सर्व्हरला विचारायची सोय. त्यात युजर, नेमस्पेस (रिसोर्स ज्या कप्प्यात आहेत तो), व्हर्ब ‘गेट’, रिसोर्स ‘पॉड्स’ आणि सबरिसोर्स ‘लॉग’ भरा. इथे तिरकी रेघ नको, दोन वेगळी फील्ड आहेत. उत्तर स्टेटसमधल्या ‘अलाउड’मध्ये येतं. बाइंडिंग ग्रुपला दिलं असेल तर ग्रुपही तुम्हीच भरायचे, सर्व्हर ते शोधून आणत नाही. बरेच जण इथेच अडकतात आणि चांगल्या रोलवर संशय घेतात.

हे तपास टेस्टमध्ये घाला आणि नकाराचेही घाला : सपोर्टला सीक्रेट्सची (पासवर्डसारख्या गुप्त माहितीची) यादी मिळता कामा नये. या व्यवस्थेत मनाई करणारा नियमच नाही, परवानग्या फक्त वाढत जातात. कितीही घाई असली तरी व्हर्ब्समध्ये तारांकन (म्हणजे सगळ्या क्रिया) टाकून काम भागवू नका. नंतर जोडलेला कुठलाही रोल ती परवानगी परत घेऊ शकत नाही.