पेट स्कॅनवरून फुफ्फुसाच्या कॅन्सरमधलं म्युटेशन कळू शकतं का?

तुमच्या आईंची बायोप्सी झाली, पण म्युटेशन तपासायला नमुना पुरला नाही. आता पुन्हा सुई टोचण्याऐवजी पेट स्कॅनवर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी रेडिओकेमिस्ट आहे, पीएचडीची वर्षं असलेच रेणू बनवण्यात गेली. आधी तुमच्या कामाचं सांगतो: नेहमीच्या पेट स्कॅनवर ते कळत नाही.

त्या स्कॅनला एफडीजी देतात, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. जिथे साखर जास्त खर्च होते तिथे ती साठते. त्यामुळे कॅन्सरची गाठ चमकते आणि टीबीचीही चमकते. ईजीएफआर हे पेशीला वाढायचा इशारा देणारं प्रथिन; त्यातल्या म्युटेशनबद्दल ती काही सांगत नाही.

त्यासाठी वेगळा प्रोब लागतो, म्हणजे नेमका त्यालाच चिकटणारा किरणोत्सारी रेणू. म्युटेशन डीएनएत असतं, पण त्यामुळे बदलतो तो प्रथिनाचा आकार, आणि आम्ही तोच पकडतो. ईजीएफआरला पेशीच्या आतल्या बाजूने एक खाच असते, तिथे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बसतं. एक्झॉन १९ या जनुकाच्या भागातला तुकडा गळालेला असेल किंवा एल८५८आर हा एकाच जागचा बदल असेल, तर एटीपीची पकड सैल होते आणि एर्लोटिनिबसारखं गोळीतलं औषध तिथे घट्ट बसतं. मग औषध बनवताना शेवटचा एक कार्बन जोडायचा बाकी ठेवायचा आणि त्या जागी किरणोत्सारी कार्बन-११ बसवायचा. रेणू अगदी तोच, फक्त आता तो कुठे गेला ते बाहेरून दिसतं.

अडचण वेळेची. कार्बन-११ दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. तो बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रातून गॅस हॉट सेलमध्ये, म्हणजे शिशाच्या बंद कप्प्यात, आला की अभिक्रिया, शुद्धीकरण, गाळणी, तपासण्या. चाळीस मिनिटं गेली की रुपयातले चार आणे उरलेले. मी शिशाच्या काचेपुढे बसून स्क्रीनवर आमच्या रेणूचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, चढायची वाट बघायचो. व्हॉल्व्ह जरा लवकर वळवला तर शेजारची अशुद्धी बाटलीत येते. एकदा पेशंट टेबलावर झोपलेला होता आणि आमचा फिल्टर शेवटच्या चाचणीत नापास झाला. डोस ओतून द्यावा लागला. "आज होणार नाही" हे सांगायला मी गेलो. ते काका सकाळपासून उपाशी होते.

शिवाय साधं, न चमकणारं औषध जास्त मिसळलेलं असेल तर खाचा तेच अडवून बसतं. पेशंट आधीच गोळी घेत असेल तरी तेच. आणि हे रेणू तेलकट असल्यामुळे बरेचसे यकृतातून बाहेर पडतात. यकृत इतकं पेटतं की तिथे पसरलेली गाठ त्या उजेडात हरवते.

तरी माणसांवर हे करून पाहिलंय. ॲमस्टरडॅमच्या गटाने २०१३ मध्ये दहा पेशंटचे निकाल दिले, पाच म्युटेशनवाले आणि पाच बिनम्युटेशनचे; म्युटेशनवाल्या गाठींनी प्रोब जास्त घेतला. २०१८ मध्ये चीनमधल्या हार्बिनच्या गटाने फ्लोरिन-१८चा प्रोब ७५ जणांत वापरला. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे घाई कमी. बायोप्सीशी तो सुमारे ८४ टक्के जुळला. मला हा आकडा उमेद देतो, पण गोळी की केमो हे त्याच्या एकट्याच्या भरवशावर मी माझ्या आईसाठी ठरवणार नाही.

याचा खरा उपयोग मला दुसरीकडे दिसतो. सुई एकाच जागेचा तुकडा काढते. फुफ्फुसातल्या गाठीत म्युटेशन आहे आणि हाडातलीत नाही, असंही होतं. काही महिन्यांनी गोळी लागू पडेनाशी होते तेव्हा नेमकी कोणती गाठ बदलली, हे अख्ख्या शरीरात एका वेळी बघता यावं, यासाठी मी या कामात टिकून आहे.

तुम्ही मात्र त्याची वाट बघू नका. डॉक्टरांना रक्तावरच्या तपासणीबद्दल विचारा, तिला लिक्विड बायोप्सी म्हणतात. ती निगेटिव्ह आली म्हणजे म्युटेशन नाहीच असं नसतं. तेव्हा पुन्हा सुई लागेल, आणि ती टाळू नका. छातीत पाणी झालं असेल तर त्यातल्या पेशीही तपासता येतात. टाटा मेमोरियलच्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे २३ टक्के पेशंटमध्ये ईजीएफआर म्युटेशन सापडलं होतं, बायकांमध्ये जास्त. आईंची तब्येत थोडे दिवस थांबण्यासारखी आहे का, हे उद्याच विचारा. असेल तर रिपोर्ट येईपर्यंत केमो सुरू करायची घाई नको.