"अजून वाढू का?" हे विचारणं थांबवल्यावर

"वजन तर आलं की! मग अजून जेवणावरून रोज रडारड का?" अ‍ॅनोरेक्सियातून, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या मानसिक आजारातून, सावरणाऱ्या मुलांचे पालक हे इतक्या वेळा विचारतात, की आज एका घराच्या आधाराने उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी 21 वर्षांची. अ‍ॅनोरेक्सियामुळे हॉस्टेल सोडून घरी आलेली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन सावरलं, पाळीही सुरू झाली. तरी पोळीचे नखाएवढे तुकडे करायची, तूप बोटाने निपटून ताटाच्या कडेला लावायची. आई विचारायची, "अजून वाढू का? अर्धी तरी घे!" उत्तर ठरलेलं: "नको." मग दोघीही उपाशी.

शरीर आधी भरतं, मन कित्येक महिन्यांनी मागून येतं. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला. तेही दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, जेवण लांबवत बसू लागले. पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची घडी लगेच बसली नाही. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे ती नाटकं करत नाहीये?"

नाही.

सातव्या भेटीत मुलीला विचारलं, "आईने काय केलं तर घास सोपा जाईल?" बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "तिनं विचारू नये. मी 'हो' म्हटलं की डोक्यात दिवसभर चालतं, हावरट, तूच मागितलंस. तिनं नुसतं वाढलं, तर मी मागितलेलं नसतं."

घरच्यांना दाराबाहेर बसवून हा आजार हटवता येतो, असं मी कधीच मानलं नाही. मात्र त्या दिवशी उपाय मुलीनेच आमच्या हाती दिला. आईची माया प्रश्नाच्या रूपात यायची आणि निवडीचं सगळं ओझं मुलीवर पडायचं.

मुलगी सज्ञान आहे, त्यामुळे नियम तिच्या संमतीनेच ठरले, तेही ताटावर नव्हे, निवांत दुपारी. तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, मधे तीन तासांहून जास्त खंड नाही. आहारतज्ज्ञांच्या मापाने आईने वाढायचं. जेवण अर्ध्या तासात. ताटावर वजन-कॅलरीचा विषय बंद. घास अडला तर एकच वाक्य: "अवघड जातंय ना? मी बसलेय इथे." जेवणानंतर तासभर दोघींनी काहीतरी एकत्र करायचं, कारण अपराधीपणा आणि उलटी काढायची ओढ तेव्हाच जोरात असते. वजन फक्त दवाखान्यात.

घसरगुंडी बहुधा बाहेरून येते. "तब्येत छान भरली हो!" हे मावशीचं कौतुक मुलीला "जाड झालीस" असं ऐकू येतं, नातेवाइकांना आधीच फोन करून ठेवा. संकष्टी, नवरात्राचे उपवास आजाराला आयता आडोसा देतात, पूर्ण बरं होईपर्यंत ते नकोतच. परीक्षेत किंवा प्रवासात दोन जेवणं चुकली, तर पुढचं ताट पुन्हा आईने वाढायचं. भरपाई नाही, बोलणी नाहीत.

चक्कर येऊन पडणं, नाडी मिनिटाला 50 च्या खाली, वारंवार उलट्या (पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात) किंवा जगणं नको वाटणं: त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही घरात लिहून ठेवा.

मागच्या भेटीत आईने सांगितलं: आमटी वाढून झाल्यावर मुलगी म्हणाली, "थोडी अजून." आईने पळीभर वाढली आणि पावसाबद्दलचं बोलणं पुढे चालू ठेवलं.