फ्रान्समध्ये सायकल सहलीला पहिल्यांदाच जाताय? मग जिव्री ते क्लुनी करा

सुरुवातीलाच ल्वार नदीकाठच्या लांबलचक मार्गाच्या मागे लागू नका. बरगंडीतला जिव्री ते क्लुनी हा साधारण 44 किलोमीटरचा टप्पा घ्या. जुन्या रेल्वेमार्गावर 1997 साली तो खुला झाला. मोटारींना बंदी, आणि रुळांचीच वाट असल्यामुळे चढही अगदी सौम्य.

जपायचं ते गावरस्ते ओलांडताना. तिथे गाड्या उजवीकडून चालतात आणि आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते. थांबा, आधी डावीकडे बघा. मुलं सोबत असतील तर हे निघण्यापूर्वीच पक्कं करून घ्या.

पाव, चीज, फळं सकाळीच घ्या. दुपारी गावातली दुकानं बंद असतात, सोमवारी तर बरीचशी दिवसभर. ब्युक्सीचे द्राक्षमळे, पुढे कुरणातल्या पांढऱ्या शारोले गाई, कोर्मातँचा वाडा... एका दिवसात उरकायची घाई का करायची? मी तर दोन दिवसच सांगेन.

क्लुनीहून माकाँकडे जाणार असाल तर वाटेत ब्वा-क्लेरचा 1.6 किलोमीटरचा बोगदा लागतो. भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो, जाकीट आणि दिवा वरच्याच खिशात ठेवा. हिवाळ्यात आतल्या वटवाघळांना त्रास नको म्हणून तो बंद असतो.