पंचनाम्यात न मावणारा तोटा

प्रश्न : 2019 च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या आमच्या गावात पंचनामे झाले. पडलेल्या भिंती, दगावलेली जनावरे आणि कुजलेला ऊस यांची नोंद झाली. परंतु पुढचे वर्षभर जी ओढाताण झाली, तिचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता. उभे राहण्यासाठी गावाला नेमके काय लागते, याचा अंदाज आमच्या बचत गटाला करता येईल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नक्कीच करता येईल, आणि तो गावानेच करावा असे मला मनापासून वाटते. पंचनामा हा शासकीय मदतीच्या निकषांसाठी असतो. पिकाचे 33 टक्क्यांहून कमी नुकसान झालेला शेतकरी त्या निकषात बसत नाही, म्हणून त्याची गरज संपत नाही.

नुकसान, तोटा आणि गरज हे तीन हिशेब वेगळे ठेवावेत. पुरात म्हैस दगावली, तर तिची किंमत हे नुकसान. दुसरी म्हैस दावणीला येऊन दूध सुरू होईपर्यंत जे दूध डेअरीला गेले नाही, तो तोटा. गरज मात्र दुसऱ्या म्हशीपाशी थांबत नाही; पाणी चढणार नाही असा उंचावरचा गोठा आणि सुरुवातीच्या महिन्यांचा चाराही तीत धरावा लागतो. 2018 च्या केरळमधील पुरानंतर संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांसह झालेल्या पाहणीत नुकसान सुमारे 10,500 कोटी रुपये, तोटा 16,000 कोटींहून अधिक आणि पुनर्उभारणीची गरज सुमारे 31,000 कोटी रुपये निघाली. म्हणजे मोडलेल्या वस्तूंपेक्षा थांबलेल्या व्यवहारांचा भार मोठा होता, आणि पंचनाम्यात नेमका तोच येत नाही.

पैशात न मांडता येणारी बाजू अधिक अवघड आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसित गावांत घराचा आकार जमीनधारणेनुसार 250, 450 किंवा 750 चौरस फूट ठरला. भूमिहीनांच्या वाट्याला सर्वांत लहान घर आले, मग खाणारी तोंडे कितीही असोत. सरळ रुंद रस्त्यांच्या त्या नव्या वसाहतींत जुनी आळी, शेजार आणि दारातली जनावरे यांना जागा उरली नाही. सातबाऱ्यावरून गरज ठरवली की असे होते. म्हणूनच वाटेकरी, शेतमजूर आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रिया यांच्याशी स्वतंत्रपणे, शक्यतो त्यांच्या घरी बसून बोलावे. चावडीवरच्या बैठकीत त्या बोलतीलच असे नाही. मजुरीचे किती दिवस बुडाले, हप्ते भरण्यासाठी कोणते नवे कर्ज काढले, कोणत्या मुलीची शाळा सुटली, हे विचारावे. पाणी ओसरल्यावर लगेच, तीन महिन्यांनी आणि वर्षाने, अशी तीनदा विचारपूस करावी, कारण कर्जाचा फास बहुधा उशिरा आवळतो.

एकच तोटा दोनदा मोजला जाणार नाही, याची काळजी घ्यावी. शेतकऱ्याचा बुडालेला ऊस आणि त्याच उसापासून कारखान्यात न झालेली साखर यांच्या पूर्ण किमती एकत्र केल्या, तर आकडा फुगतो आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा उरलेल्या कागदांवरचा विश्वासही जातो.

या साऱ्या तुलनेसाठी पुरापूर्वीची स्थिती लिहिलेली असावी लागते. तेव्हा घरागणिक रोजचे दूध, हंगामातील मजुरीचे दिवस, चालू कर्जे आणि पटावरील मुले यांची एक वही आपल्या गटाने या उन्हाळ्यातच भरावी आणि तिची एक प्रत गावाबाहेर, उंचावरच्या एखाद्या नातलगाकडे ठेवावी.