पिक्सेल ८ए की गॅलॅक्सी ए५५? ट्रेकिंगला जातो, जीपीएस भरवशाचं हवं

हार्डवेअर बघाल तर ए५५ला ५००० एमएएच बॅटरी आणि मेमरी कार्डाची सोय. ८एला कार्ड नाही, बॅटरीही लहान, पण फोन हातात छान मावतो. अपडेट्समध्ये मात्र ८ए सरळ पुढे: ७ वर्षं, तर ए५५ला ४ अँड्रॉइड आवृत्त्या आणि ५ वर्षं सिक्युरिटी.

जीपीएससाठी कंपनीचं नाव बघू नका. दुकानातच ‘जीपीएसटेस्ट’ अ‍ॅप टाका, बाहेर मोकळ्यावर या आणि एल५ सिग्नल (उपग्रहांकडून नेहमीच्या एल१सोबत येणारा दुसऱ्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) दिसतोय का ते पाहा. कड्यांवरून, इमारतींवरून परावर्तित झालेला सिग्नल ओळखायला एल५ची मदत होते. रेंज नसली तरी जीपीएस चालतं. नकाशा तेवढा आधी डाउनलोड करा. ट्रेकला मी ए५५च नेईन, बॅटरीसाठी.