लांबीचा गोळा

कोल्हापूर,
रविवार

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काल रात्री तीनदा बघितले. 1984 ची पद्मिनी, एकहाती वापरलेली, इचलकरंजीत शेडमध्ये सहा वर्षं उभी, रंग चकाचक. खाली तू लिहिलंयस, "काका, मारुतीचं इंजिन बसवायचं, गाडी खाली दाबायची, पंधरा इंची अलॉय घालायचे, मॅट काळा मारायचा. किती येईल?"

खर्चाचं नंतर. आधी एवढं सांग, तू गाडीखाली झोपलास का?

फोटो अठरा आहेत. त्यातले अकरा पुढच्या जाळीचे आणि दिव्यांचे, एक तुझा स्टिअरिंगवर हात ठेवून. खालच्या बाजूचा एकही नाही. पायाखालची मॅट उचलून काढलेलाही नाही. तुझ्या वयात माझंही असंच होतं, म्हणून रागावत नाही.

आपल्याकडच्या पोरांचा हात जीपवर बसलेला असतो, त्यामुळे घोटाळा होतो. जीपला खाली शिडीसारखी चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते. वरचा पत्रा सडला तरी ती उभी राहते. पद्मिनीला वेगळी चॅसीच नाही. पत्रा हीच तिची चॅसी. दाराखालून उंबरठ्यासारखी जी पोकळ पेटी जाते, जिला गॅरेजात रनिंग बोर्ड म्हणतात, ती, मधला फ्लोअर आणि वरचं छप्पर मिळून गाडीचं वजन पेलतात. इटलीत 1953 साली फियाटनं ही 1100 ची बॉडी काढली तीच अशी. 1964 पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती फियाट डिलाइट म्हणून बनली, 1974 पासून पद्मिनी झाली. नाव बदललं, पण वजन पेलायची रीत तीच राहिली.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी शिकलो ते एका मास्तरांच्या जिवावर, म्हणून तो किस्सा लिहितो. घरातसुद्धा फारसा सांगितलेला नाही.

मी चोवीसचा होतो. एक जुनी डिलाइट भंगाराच्या भावात घेतली होती. दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड सडलेले. उद्यमनगरात कटर भाड्यानं आणला आणि एकाच दिवशी दोन्ही बाजू कापून मोकळा झालो. गाडी चार चाकांवर उभी, मधे टेकू नाही, दारं काढून भिंतीला लावलेली. नवीन पत्रा वेल्ड केला, दारं परत चढवली, तर बंदच होईनात. वरच्या कोपऱ्यात अडकत होती. गाडी मधोमध बसली होती, खाटेची सुंबं सैल पडावीत तशी. खरं म्हणजे तेव्हाच वेल्ड परत कापून, मधे जॅक लावून, माप घेऊन पुन्हा करायला हवं होतं. मी काय केलं? दारांच्या कडा कानशीनं घासल्या, फटींत लांबी (रंगाआधी खड्डे बुजवायची पुट्टी) भरली, वेल्डच्या ओबडधोबड शिवणीवर अजून लांबी चढवली, पॉलिश पेपर मारला, मस्त क्रीम रंग दिला आणि गडहिंग्लजच्या एका मास्तरांना गाडी विकली. मास्तरांनी घासाघीससुद्धा केली नाही.

दोन पावसाळे गेले. मास्तर पंक्चर काढायला थांबले, जॅक लावला, आणि जॅक रनिंग बोर्डातून थेट वर आत शिरला. ते भांडायला आले नाहीत. एसटीनं आले, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला लांबीचा नारळाएवढा गोळा काढला, टेबलावर ठेवला. "एवढंच दाखवायला आलो," म्हणाले, चहा न घेता गेले. पैसे मी नंतर नेऊन दिले, ते त्यांनी घेतलेही. पण तो गोळा अजून माझ्या फळीवर आहे.

आता तुझ्या गाडीकडे. लाउडस्पीकरमधलं चुंबक एका पातळ फडक्यात गुंडाळ आणि गाडीभर फिरव. पत्रा असेल तिथं ते चिकटेल. लांबी जाड असेल तिथं घसरून पडेल. बघायच्या जागा: रनिंग बोर्डची खालची कड, चाकांच्या कमानी, दारांचा तळ, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा. दारांच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात. रंगवाले ती सर्रास बुजवतात, मग काचेवरून आत उतरलेलं पाणी दारातच साठतं. पुढच्या काचेचं रबर कडक झालेलं असेल तर पाणी डॅशबोर्डच्या मागून मॅटखाली उतरतं. वरून कोरडं, खाली तळं. इचलकरंजीचं ऊन चांगलं म्हणून खूश होऊ नकोस, आधी आरसी बुकात बघ, गाडी पहिल्यांदा नोंदवली कुठं. मुंबईच्या खाऱ्या हवेत दहा वर्षं काढून आलेली असेल तर शेडमधली सहा वर्षं काही उपयोगाची नाहीत. माझं मत विचारशील तर माण-खटाव किंवा सोलापूरकडची रंग उडालेली गाडी घ्यावी, मुंबईची चकचकीत नको.

कापायचंच झालं तर एका वेळी एकच बाजू. मधे टेकू, दारं जागेवर आणि बंद. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, गंजावर ठिगळ लावायचं नाही. वीस गेजचा पत्रा घे. गॅस वेल्डिंगनं एवढा पातळ पत्रा भाजून लाटा येतात, म्हणून सीओटू मशीनवाला शोध आणि त्याला सलग ओढू देऊ नकोस. इथं एक टाका, तिथं एक टाका, थंड होऊ दे, मग मधला. लांबी वाईट नसते रे. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ती तिचं काम करते. जाड थापली आणि मागून पत्र्याला भोक असलं की मात्र ओल धरते आणि वरचा रंग फुगतो.

इंजिनचं थोडक्यात, कारण त्यात कठीण काही नाही. 1089 सीसी, चाळीस हॉर्सपॉवर, साधं सरळ यंत्र. उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग सगळं होतं. फक्त पिस्टन आधी आणायचे, मापून घ्यायचे, मग ब्लॉक बोअरला द्यायचा. बरेच जण उलटं करतात आणि मग मापाचा पिस्टन शोधत पुणे-मुंबई फिरतात. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर स्पेअरची चिंता नव्हती. ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ची, तिची वीस वर्षांची मुदत 2023 च्या ऑक्टोबरात भरली. तेव्हापासून दुकानदारांना हा माल ठेवण्यात राम वाटत नाही. दिसेल तो पुढच्या चाकांचा किंग पिन, दिसेल ते रबर घेऊन ठेव. पेट्रोलच्या जुन्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम मात्र न बघता बदल. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर पार मऊ पडतं.

मारुतीचं इंजिन नको, आणि हे मी जुन्या वळणाचा माणूस म्हणून सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही, ज्यामुळे आरसीतला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावलं. कायदा बाजूला ठेवलास तरी ब्रेक बघ, चारही चाकांना ड्रम आहेत. चाळीस घोड्यांच्या हिशेबानं केलेली गाडी साठ घोडे लावून पळवशील आणि थांबवशील कशानं? मूळचा टायर 5.20-14, चिंचोळा. रुंद टायर घातलास की बिनपॉवरचं स्टिअरिंग गल्लीत वळवताना खांदे भरून येतील. खाली दाबलेली गाडी आपल्या गावातल्या स्पीडब्रेकरवर किती दिवस टिकते ते तुझा तू बघ.

नाद कर, नाही म्हणत नाही. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव, गाडी एका सेल्फमध्ये उठेल. आवाज दाबणारा जाड फोम मॅटखाली घाल. सीट बेल्ट तर हवेतच. सीटला आवडेल ते कापड शिव. काढलेला प्रत्येक भाग बिस्किटाच्या डब्यात घाल, वर चिठ्ठी लाव. उद्या जो गाडी घेईल त्याला स्क्रू फिरवून सगळं मूळ जागी नेता आलं पाहिजे, त्याच्यासाठी एकही भोक नवीन पाडायचं नाही. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद करावी लागते, तेवढं करून घे. मॅट काळा मला आवडत नाही, पण गाडी तुझी आहे.

व्हिंटेजच्या नंबराचं विचारलंयस. 2021 च्या नियमाप्रमाणे ती सोय पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना आहे, आणि तसली गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. तुझी 2034 ला बसेल. दसऱ्याला महाराजांची जुनी मेबॅक गाडी बघायला चौकात आपण सगळे उभे राहतो ना, तिचा थाट बघून तुझं मन तिकडं धावतंय. तुला ही गाडी दूध आणायला, बायकोला माहेरी सोडायला वापरायची आहे. (बायको अजून नाही, माहीत आहे.)

खर्च: डेंटर, रंगवाला, इंजिन, सगळ्यांचे आकडे लिहून बेरीज कर आणि दुप्पट धर. त्यातले अर्ध्याहून जास्त पत्र्यात जातात. माझ्या एकाही गाडीत हे चुकलेलं नाही.

एक काम मात्र पहिल्या दिवसापासून कर. काय कापलं, किती जाडीचा पत्रा घातला, कुठं लांबी आहे, हे तारीख घालून दाराच्या आतल्या पत्र्यावर, कार्डबोर्डच्या मागं, ऑइल पेंटनं लिहून ठेव. माझ्या सध्याच्या गाडीच्या दारात आधीच्या मिस्त्रीनं खडूनं लिहिलेलं सापडलं होतं, "डावा खालचा कोपरा नवा, उजवा राहिला." उजवा खरंच राहिला होता. माझे आठ दिवस वाचले.

टोकन देऊ नकोस. येत्या रविवारी मी इचलकरंजीला येतो, चुंबक आणि टॉर्च माझ्याकडे आहे. तू जुने कपडे घालून ये. मालकांना आधी विचारून ठेव, मॅट उचलून खालून बघितलं तर चालेल का. नाही म्हणाले तर शनिवारीच फोन कर, माझं एसटीचं तिकीट वाचेल.

तुझा,
काका