मैदानावरची उमेदवारी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला तुला प्रवेश मिळाल्याचे वाचून आनंद झाला. आता शिक्षिका म्हणून घडायला सुरुवात होईल, असे तू लिहितेस. माझ्या मते ती सुरुवात केव्हाच झाली आहे. ज्यांच्या शिटीवर आपण बारा वर्षे धावलो, त्यांच्याकडे पाहूनच शिक्षक कसा असतो हे आपण नकळत शिकतो. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये याला निरीक्षणातून होणारी उमेदवारी, म्हणजे पाहून पाहून शिकण्याचा काळ, म्हटले. या उमेदवारीत खेळाच्या नियमांबरोबर वंशाविषयीचे समजही मुरतात, आणि महाविद्यालयातील चार वर्षांत ते सहजासहजी निघत नाहीत.

माझेच सांगतो. न्यू जर्सीतील एका शाळेत असताना मी मुलांना दिलेल्या शाबासक्या आठवडाभर वहीत टिपल्या. रिलेत कृष्णवर्णीय मुलगा पुढे आला की ‘काय उपजत वेग आहे!’ आणि गोरा मुलगा पुढे आला की ‘डोके वापरून धावलास!’ शब्द माझे, अक्षरही माझेच. अमेरिकन फुटबॉलमध्ये डाव आखणारी क्वार्टरबॅकची जागा पिढ्यानपिढ्या बहुधा गोऱ्या खेळाडूंकडे आणि धावण्याच्या जागा कृष्णवर्णीयांकडे जात राहिल्या. मी स्वतः सावळा, परदेशातून आलेला, तरी तोच कित्ता चाळीस मिनिटांच्या तासात गिरवत होतो.

शिक्षकांचीही अशीच वाटणी होते. माझ्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याकडे बास्केटबॉलचा संघ आणि इतरांना न आवरणारी मुले हमखास सोपवली जात, पण अभ्यासक्रम ठरवायच्या बैठकीला त्याला क्वचितच बोलावणे येई. (मला मात्र, गळ्यात शिटी असतानाही, ‘तुम्ही गणित शिकवता ना?’ असे विचारले जाई.) कृष्णवर्णीय शारीरिक शिक्षण शिक्षक एडविन हेंडरसन यांनी १९०४ मध्ये हार्वर्डच्या उन्हाळी वर्गात बास्केटबॉल शिकून तो वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शाळांत रुजवला, पण बास्केटबॉलमधील थोरांचा गौरव करणाऱ्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला तो २०१३ मध्ये, मृत्यूनंतर ३६ वर्षांनी. तुझ्या पाठ्यक्रमात ते नाव आढळले नाही, तर प्राध्यापकांना कारण जरूर विचार.

सराव पाठ सुरू झाले की तूही शाबासक्यांची वही ठेव, आणि संघनायक म्हणून कोणाकोणाची निवड केलीस तेही त्यात लिही. पहिल्या आठवड्याची पाने खाडाखोड न करता मला पाठव.

तुझा,
जुना सर